डीझेल रेल्वे एंजिने : ब्रिटनमधील रंगसंगतीचा इतिहास

रेल्वे एंजिनाच्या बाह्य पृष्ठावर दिलेला रंग, त्यावरील पट्टे, अक्षरे, क्रमांक व बोधचिन्हे यांच्या ठराविक मांडणीस एंजिनाची रंगसंगती म्हणतात. पोलादी पत्र्याचे गंजण्यापासून संरक्षण करणे हा रंगाचा मूळ हेतू असला, तरी मालकी दर्शविणे, प्रवाशांवर छाप पाडणे, कामाचा प्रकार ओळखता येणे व रुळांवरील माणसांना धोक्याची सूचना मिळणे ही कार्येही रंगसंगती करीत आली आहे. ब्रिटनमधील मुख्य मार्गांवरील डीझेल एंजिनांच्या रंगसंगतीचा इतिहास १९४७ मध्ये सुरू होतो. नवीन शक्तिसाधनाला कोणते रूप द्यावे याबद्दलची अनिश्चितता, राष्ट्रीयीकृत संस्थेचा एकरूपतेचा आग्रह, त्याला शेडमधून झालेला विरोध आणि शेवटी विभागणी, असे चार टप्पे या इतिहासात स्पष्टपणे दिसतात. जतन केलेल्या जुन्या एंजिनांना कोणत्या काळाचा रंग द्यावा, या प्रश्नामुळे या विषयाला आता पुराभिलेखविद्येचे व संग्रहालयशास्त्राचेही महत्त्व प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : १९२३ मध्ये ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले. प्रत्येक कंपनीच्या वाफेच्या एंजिनांचा रंग ही तिची ओळख होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एंजिने गडद हिरवी, तर लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची प्रवासी एंजिने कोवळ्या सफरचंदी हिरव्या रंगाची असत. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेची प्रमुख द्रुतगती एंजिने किरमिजी रंगाची असत. वाफेच्या एंजिनाच्या गोल बाष्पित्रावर रंगाबरोबरच पितळी पट्ट्या, नळ्या व चाकांची रचना उठून दिसे. डीझेल एंजिनाची यंत्रणा मात्र सपाट पत्र्याच्या पेटीत झाकलेली असते. त्यामुळे त्याचे रूप जवळजवळ सर्वस्वी रंगावरच अवलंबून राहिले व रंगसंगती हा एंजिनाच्या अभिकल्पाचाच एक भाग बनला.

काळा व चंदेरी : लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंते एच. जी. आयव्हॅट यांनी इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने डर्बी येथील कारखान्यात १०००० क्रमांकाचे १,६०० अश्वशक्तीचे डीझेल-विद्युत् एंजिन तयार केले. ते डिसेंबर १९४७ मध्ये बाहेर पडले. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण व्हावयाचे असल्याने कंपनीची आद्याक्षरे धारण करण्यास त्याला अवघे काही आठवडेच मिळणार होते. तरीही ही अक्षरे त्यावर ठळकपणे बसविण्यात आली. चकचकीत काळे शरीर व त्यावर चंदेरी पट्टा, चंदेरी अक्षरे आणि चंदेरी बोगी अशी त्याची रंगसंगती होती. त्याचे जोडीदार १०००१ हे एंजिन १९४८ मध्ये राष्ट्रीयीकृत रेल्वेच्या काळात बाहेर आले. दक्षिण विभागासाठी बांधलेल्या १०२०१, १०२०२ व १०२०३ या एंजिनांनाही हीच काळी-चंदेरी रंगसंगती मिळाली. पुढे हिरव्या रंगाचे धोरण आल्यावर आयव्हॅट यांची दोन्ही एंजिने हिरवी करण्यात आली. या पाचांपैकी एकही एंजिन जतन झाले नाही. १०००० हे १९६८ मध्ये मोडीत काढण्यात आले. त्यामुळे ब्रिटनमधील मुख्य मार्गांवरील डीझेल एंजिनांच्या या पहिल्या रंगसंगतीचा मूळ नमुना आज पहावयास मिळत नाही.

हिरव्या रंगाचा काळ : १९५५ मध्ये जाहीर झालेल्या आधुनिकीकरण योजनेत सु. १२४ कोटी पौंड खर्चाची तरतूद होती व तीत प्रायोगिक म्हणून १७४ डीझेल एंजिनांचा समावेश होता. या एंजिनांसाठी वाफेच्या द्रुतगती प्रवासी एंजिनांना दिला जाणारा गडद ब्रन्झविक हिरवा रंग निवडण्यात आला. प्रायोगिक योजनेतील पहिले एंजिन डी ८००० हे जून १९५७ मध्ये याच रंगात बाहेर पडले. नव्या यंत्राला जुन्याचा पोशाख चढविण्याच्या या निर्णयामागे सातत्य टिकविण्याची इच्छा उघड दिसते. वाफेच्या व डीझेल एंजिनांनी एकाच शेडमध्ये, एकाच मार्गावर व पुष्कळदा एकाच चालकाच्या हाताखाली काम करण्याचा तो संक्रमणकाळ होता.

ब्रन्झविक हिरवा हा प्रशियन निळा व क्रोम पिवळा या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होणारा पारंपरिक रंग आहे. मिश्रणातील प्रमाण बदलले की छटा बदलते आणि ऊन, काजळी व ब्रेकची लोहधूळ यांमुळे ती कालांतराने आणखी काळवंडते. म्हणून या काळातील दोन एंजिने कागदोपत्री एकाच रंगाची असूनही प्रत्यक्षात वेगळी दिसत. गाड्या धुण्याच्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या आम्लयुक्त द्रावणांमुळेही रंगाची चकाकी जात असे.

मोठ्या सपाट पृष्ठावर एकच गडद रंग बोजड दिसतो, ही अडचण लवकरच लक्षात आली. ब्रिटिश परिवहन आयोगाने १९५६ मध्ये अभिकल्प मंडळ स्थापन केले व बाह्य रूपाच्या विचारात व्यावसायिक अभिकल्पकांना सहभागी करून घेतले. पांढऱ्या रेघा, करडे छत, खिडक्यांभोवती फिकट चौकटी आणि दोन छटांचा हिरवा रंग हे या विचाराचे दृश्य फळ होय. १९६१-६२ मध्ये दाखल झालेल्या बावीस डेल्टिक एंजिनांना वर गडद हिरवा व तळाशी लिंबासारख्या हिरव्या रंगाचा पट्टा देण्यात आला. तळाच्या फिकट पट्ट्यामुळे उंच, अवजड शरीर सडपातळ भासते. ५१२ एंजिनांच्या ब्रश प्रकार चार या मोठ्या श्रेणीतही दोन छटांचा वापर झाला.

प्रायोगिक एंजिनांचे रंग : कारखानदारांनी स्वखर्चाने बांधलेली एंजिने हा या इतिहासातील सर्वांत रंगीबेरंगी भाग आहे. रेल्वेला व परदेशी ग्राहकांना आकृष्ट करणे हा त्यांचा हेतू असल्याने त्यांचे रंग मुद्दाम लक्षवेधी ठेवण्यात आले. इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये बाहेर आणलेले ३,३०० अश्वशक्तीचे मूळ डेल्टिक एंजिन फिकट निळे असून त्याच्या नाकाडावर मिशांसारखे मलईच्या रंगाचे पट्टे होते. १९६१ मधील फाल्कन एंजिनास लिंबासारखा हिरवा व तपकिरी, तर १९६२ मधील लायन एंजिनास चक्क पांढरा रंग देण्यात आला होता. ४,००० अश्वशक्तीचे केस्ट्रेल हे पिवळे व चॉकोलेटी होते आणि ते १९७१ मध्ये सोव्हिएट रशियाला विकले गेले. लायन व फाल्कन मोडीत निघाली. या चारांपैकी फक्त मूळ डेल्टिक आपल्या निळ्या रूपात ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात टिकून आहे.

पश्चिम विभागाचा वेगळा मार्ग : इतर विभागांनी डीझेल-विद्युत् पद्धती स्वीकारली असता पश्चिम विभागाने डीझेल-द्रवीय पद्धतीचा अवलंब केला. पूर्वीच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा स्वतंत्र बाणा येथे टिकून होता आणि रंगाच्या बाबतीतही तो प्रकट झाला. २,७०० अश्वशक्तीच्या चौऱ्याहत्तर ‘वेस्टर्न’ एंजिनांपैकी पहिले, डी १००० वेस्टर्न एंटरप्राइझ, डिसेंबर १९६१ मध्ये वाळवंटी वाळूच्या फिकट रंगात बाहेर पडले. डी १००१ तांबूस किरमिजी, त्यापुढील काही हिरवी व डी १०१५ वेस्टर्न चँपियन सोनेरी गेरूच्या रंगाचे होते. अखेर किरमिजी रंगाची निवड झाली व श्रेणीतील बहुसंख्य एंजिने त्याच रंगात बांधली गेली. प्रवासी डब्यांचाही रंग त्या काळी किरमिजीच असल्याने संपूर्ण गाडी एकजिनसी दिसे. नावे व क्रमांक ओतीव धातूच्या पाट्यांवर असल्यामुळे या एंजिनांवरील क्रमांक नव्या पद्धतीत कधीच बदलले गेले नाहीत. १९७७ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली.

पिवळा रंग व गँगमनची सुरक्षितता : रंगसंगतीच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रकरण सौंदर्याशी नव्हे, तर माणसांच्या जिवाशी निगडित आहे. वाफेच्या एंजिनाची चाहूल त्याच्या फुत्कारांनी व धुराने लांबूनच लागे. डीझेल व विद्युत् एंजिने तुलनेने कमी आवाज करीत व अधिक वेगाने येत. गडद हिरव्या रंगाचे एंजिन झाडी, खोदणीचा उतार किंवा पुलाखालची सावली यांच्या पार्श्वभूमीवर चटकन दिसत नसे. रुळांवर काम करणाऱ्या टोळ्यांना बाजूला होण्यास मिळणारा अवधी त्यामुळे कमी झाला. यावर उपाय म्हणून १९६२ च्या सुमारास एंजिनाच्या दोन्ही टोकांवर लहान पिवळे इशारापट्ट रंगविण्यास सुरुवात झाली. हे पट्टही अपुरे वाटल्याने १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण दर्शनी भाग पिवळा करण्यात येऊ लागला.

अभिकल्पकांनी विचारपूर्वक आखलेल्या दर्शनी भागावर हा भडक चौकोन विसंगत वाटे. तरीही पुढील सर्व बदलांत टिकून राहिलेला हाच एकमेव रंग होय. मालक, बोधचिन्हे व मुख्य रंग बदलले, परंतु पिवळे टोक अर्धशतकाहून अधिक काळ अनिवार्य राहिले. विहित दर्जाचे प्रखर दिवे असलेल्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१६ मध्ये.

रेल्वे निळा : डॉ. बीचिंग यांच्या काळातील पुनर्रचनेनंतर रेल्वेला आधुनिक व्यवसायाचे रूप देण्याचे ठरले. जून १९६४ मध्ये ‘एक्सपी ६४’ या प्रायोगिक गाडीसाठी डी १७३३ हे एंजिन निळ्या रंगात रंगविण्यात आले. जानेवारी १९६५ मध्ये लंडनच्या डिझाइन सेंटरमध्ये भरलेल्या प्रदर्शनात नवी ओळख जनतेपुढे मांडण्यात आली. संस्थेचे नाव संक्षेपाने ‘ब्रिटिश रेल’ झाले. डिझाइन रिसर्च युनिट या संस्थेतील जेरी बार्नी यांनी रेखाटलेले दुहेरी बाणाचे चिन्ह व जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी तयार केलेली अक्षरमाला तिच्यासाठी स्वीकारण्यात आली. अक्षरांचे आकार, चिन्हाचे स्थान व रंगाची छटा ठरवून देणारी नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. कारखान्यांना व शेडना यापुढे स्वतःच्या आवडीला वाव राहणार नव्हता.

या ‘रेल्वे निळ्या’ रंगास पुष्कळदा मोनॅस्ट्रल निळा असेही म्हणतात. मोनॅस्ट्रल हे थॅलोसायनीन वर्गातील रंगद्रव्यांचे व्यापारी नाव होय. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथील रंजक कारखान्यात या वर्गातील एक निळे संयुग अनपेक्षितपणे आढळले व त्यावरील संशोधनातून १९३५ मध्ये हे रंगद्रव्य बाजारात आले. प्रकाश, उष्णता व रसायने यांना ते प्रशियन निळ्यापेक्षा पुष्कळच चांगल्या प्रकारे तोंड देते. एकच रंग, मोजकी चिन्हे व पट्ट्यांचा अभाव यांमुळे रंगकामातील श्रमही वाचत. तथापि या साध्या पृष्ठावर तेलाचे ओघळ व काजळी लपत नसे. निगा कमी पडली की निळा रंग मळकट दिसू लागे. सर्वत्र एकच रंग दिसू लागल्याने प्रवाशांच्या व रेल्वेप्रेमींच्या तक्रारीही सुरू झाल्या. वेल्समधील व्हेल ऑफ ऱ्हायडल या अरुंदमापी मार्गावरील तीन वाफेच्या एंजिनांनाही हाच निळा रंग व दुहेरी बाणाचे चिन्ह मिळाले, यावरून एकरूपतेच्या आग्रहाची कल्पना येते.

ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेलच्या प्रमाणमापी मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक संपली व डीझेल एंजिनांच्या क्रमांकामागील ‘डी’ अक्षराची गरज उरली नाही. १९७३-७४ मध्ये संगणकीय नोंदीसाठी श्रेणीदर्शक अंकांनी सुरू होणारे पाच अंकी क्रमांक देण्यात आले. छायाचित्रातील एंजिनाचा काळ ठरविताना मुख्य रंगाइतकाच क्रमांकाचा हा प्रकार उपयोगी पडतो. हिरवा रंग पण ‘डी’ नसलेला क्रमांक, किंवा निळा रंग पण लहान पिवळा पट्ट, अशी संमिश्र रूपे संक्रमणकाळाची निदर्शक असतात. नवा रंग सामान्यतः मोठ्या दुरुस्तीच्या वेळीच मिळत असल्याने काही एंजिने हुकूम निघाल्यावरही कित्येक वर्षे जुन्या रंगात धावत राहिली.

शेडमधील बंडखोरी : नियमपुस्तिकेच्या चौकटीला पहिले तडे शेडमधील कर्मचाऱ्यांनी पाडले. १९७७ मध्ये राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड शेडने ४७१६३ व ४७१६४ या एंजिनांची छते चंदेरी केली व बाजूंवर राष्ट्रध्वज रंगविला. त्यानंतर फिकट छत ही त्या शेडच्या एंजिनांची खूणच ठरली. १९७९ मध्ये उत्तर लंडनमधील फिन्सबरी पार्क शेडने आपल्या डेल्टिक एंजिनांच्या खिडक्यांभोवती पांढऱ्या चौकटी रंगविल्या. डेल्टिकांची निवृत्ती जवळ आली होती व वीस वर्षे ज्यांनी ती राखली त्या माणसांनी दिलेला हा निरोप होता. १९८१ मध्ये ही एंजिने यॉर्क शेडकडे गेल्यावर त्या चौकटी पुसण्यात आल्या. २ जानेवारी १९८२ रोजी डेल्टिकांची सेवा संपुष्टात आली. भारतातही डीझेल एंजिनांची रंगसंगती दीर्घकाळ शेडनुसार वेगळी असे व कल्याण, पुणे यांसारख्या शेडची एंजिने त्यांच्या रंगावरून ओळखता येत. फरक एवढाच, की तेथे जी वेगळी ओळख रूढ होती ती ब्रिटनमध्ये नियम वाकवून मिळवावी लागली.

विभागणीचे रंग : मध्यवर्ती धोरणही यानंतर सैल झाले. १९७८ मध्ये ५६०३६ या एंजिनावर प्रचंड आकाराचे दुहेरी बाणाचे चिन्ह, मोठे अंक व चालककक्षाच्या बाजूंपर्यंत पसरलेला पिवळा रंग यांचा प्रयोग झाला. १९८२ मध्ये मालवाहतुकीच्या ५८००१ या नव्या एंजिनावर करड्या रंगाचा अवलंब करण्यात आला. रेल्वेची व्यवसायनिहाय क्षेत्रांत विभागणी झाल्यावर प्रत्येक क्षेत्राने स्वतःचा रंग निवडला. जून १९८६ मध्ये लंडनच्या परिसरातील वाहतुकीसाठी ‘नेटवर्क साउथईस्ट’चे लाल, पांढरे व निळे पट्टे आले. ऑक्टोबर १९८७ मध्ये राउंडेल डिझाइन ग्रुपने मालवाहतुकीसाठी तीन करड्या छटांची संगती तयार केली. तीत कोळसा, खनिज तेल, धातू इ. उपविभागांसाठी वेगवेगळी ठळक चिन्हे होती आणि प्रत्येक शेडचे प्रतीक असलेली लहान धातूची पट्टी चालककक्षावर बसविण्यात आली. स्ट्रॅटफर्डच्या पट्टीवर चिमणी, तर टोटनच्या पट्टीवर वीजकेंद्राचे शीतक मनोरे होते. दहा वर्षांपूर्वी जी गोष्ट शिस्तभंग मानली गेली असती, तिलाच आता अधिकृत स्थान मिळाले. १९९४ नंतरच्या खाजगीकरणात ही एकसंध व्यवस्थाही संपुष्टात आली.

जतन व अस्सलपणाचा प्रश्न : निवृत्त डीझेल एंजिनांपैकी बरीच एंजिने राष्ट्रीय संग्रहाने व स्वयंसेवी मंडळांनी जतन केली आहेत. बावीसपैकी सहा डेल्टिक व चौऱ्याहत्तरपैकी सात वेस्टर्न एंजिने टिकून आहेत. ज्या एंजिनाने वीस वर्षांत चार रूपे धारण केली, त्याचे खरे रूप कोणते, हा प्रश्न प्रत्येक वेळी उपस्थित होतो. बांधणीच्या वेळचा हिरवा रंग दिल्यास पिवळ्या टोकांचा व निळ्या पोशाखातील प्रदीर्घ सेवेचा पुरावा दृष्टिआड होतो. निळा दिल्यास मूळ अभिकल्पकांचा हेतू हरवतो.

जुना रंग निश्चित करण्यासाठी प्रामुख्याने तीन साधने वापरतात : कारखान्यातील दुरुस्तीच्या नोंदी, छायाचित्रे आणि प्रत्यक्ष रंगाचे थर. नोंदींवरून रंगकामाची तारीख मिळते, छटा मिळत नाही. कृष्णधवल छायाचित्रांत गडद हिरवा व किरमिजी जवळजवळ सारखेच दिसतात, तर रंगीत फिल्मवरील रंगही कालांतराने उडतात. थरांची तपासणी अधिक विश्वसनीय ठरते. पृष्ठाचा एक लहान भाग टप्प्याटप्प्याने घासत गेल्यास अस्तर, लांबी व रंगाचे एकापाठोपाठ दिलेले हात झाडाच्या वर्तुळांप्रमाणे क्रमाने उघडे पडतात. मात्र बाहेरचा थर उन्हाने फिकटलेला व आतील थर तेलाने पिवळसर झालेला असू शकतो. म्हणून झाकलेल्या जागी, उदा., पाटीच्या मागे सापडलेला नमुना विशेष मोलाचा मानतात. जुन्या अस्तरात व क्रोम रंगद्रव्यांत शिसे असल्याने थर काढताना धूळ श्वसनमार्गात जाणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते. पुनर्रंगासाठी सर्व थर पत्र्यापर्यंत खरवडून काढले, तर एंजिन चकचकीत होते, पण त्याच्या आयुष्याचा अभिलेख कायमचा नष्ट होतो. त्यामुळे एखादी चौकोनी जागा तशीच राखून ठेवणे इष्ट ठरते.

अस्सलपणाची कल्पना किती गुंतागुंतीची आहे, हे ५०००७ या एंजिनाच्या उदाहरणावरून कळते. १९६८ मध्ये रेल्वे निळ्या रंगात तयार झालेल्या या एंजिनाचे पूर्वीचे नाव हर्क्युलीझ. १९८४ मध्ये त्याला सर एडवर्ड एल्गार हे नाव व ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या धर्तीचा हिरवा रंग देण्यात आला. ग्रेट वेस्टर्न रेल्वे ही कंपनी ते एंजिन बांधले जाण्यापूर्वी वीस वर्षे विसर्जित झाली होती. म्हणजे हा रंग इतिहासदृष्ट्या अवास्तव होता. परंतु प्रत्यक्ष सेवेत असताना रेल्वेनेच तो दिलेला असल्याने तो आता त्या एंजिनाच्या इतिहासाचा निर्विवाद भाग आहे. मुख्य मार्गावर धावणाऱ्या जतन केलेल्या एंजिनांना तर जुन्या रूपाची सुरक्षिततेच्या आधुनिक नियमांशी सांगड घालावी लागते. साठ वर्षांपूर्वीच्या रंगात सजलेल्या एंजिनावर त्या काळी नसलेला प्रखर दिवा बसविलेला दिसतो, तो यामुळेच.

ज्या निळ्या रंगास त्याच्या काळी नीरस म्हणून नावे ठेवली गेली, त्याच रंगात जुनी एंजिने पुन्हा सजविण्याची मागणी, त्या काळात लहानाची मोठी झालेली पिढी आता करताना दिसते. रंगाचे मूल्य पिढीगणिक बदलत असल्याने कोणतीही एक रंगसंगती अंतिम मानता येत नाही. दिलेला रंग कोणत्या वर्षाचे रूप दर्शवितो व तो कोणत्या पुराव्यावर आधारलेला आहे, याची एंजिनासोबत स्पष्ट नोंद ठेवणे आणि खालच्या थरांचा निदान एक नमुना सुरक्षित राखणे, ही दोन पथ्ये पाळल्यास पुढील अभ्यासकांना आपला निर्णय स्वतंत्रपणे घेता येईल.